एकेका इलेक्ट्रॉनचा हिशेब

घरातील दिव्याचे बटण दाबल्यावर तारेतून किती इलेक्ट्रॉन वाहू लागतात, याची गणती कोणी करत नाही. एक अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तारेच्या कोणत्याही एका छेदातून दर सेकंदाला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या लिहिण्यासाठी ६२४ या आकड्यापुढे सोळा शून्ये द्यावी लागतात. गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावरून एक माणूस अधिक गेला काय आणि कमी गेला काय, त्याने गर्दीत फरक पडत नाही. तारेतील इलेक्ट्रॉनांचेही तसेच असते.

निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअसच्या अगदी निकट ही परिस्थिती पालटते. अर्धसंवाहकात कोरलेल्या एका सूक्ष्म बेटावर इलेक्ट्रॉन तेथे एकेक करून ये-जा करतात. आत असलेला इलेक्ट्रॉन बाहेर पडल्याखेरीज पुढच्याला प्रवेश मिळत नाही. या बेटाला 'क्वांटम डॉट' अर्थात पुंज बिंदू असे नाव आहे. अँपिअर या एककाची अचूक प्रचिती, पुंज संगणकाची उभारणी आणि असंख्य इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक वर्तनाचा अभ्यास हे तीन वेगवेगळे विषय या बेटापाशी एकत्र येतात. या तिन्हींत यश किती मिळते, हे बव्हंशी तापमानावर ठरते.

बेट कसे तयार होते?

दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांमुळे 'क्वांटम डॉट' हा शब्द अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. ते डॉट म्हणजे द्रावणात तयार होणारे, काही नॅनोमीटर आकाराचे आणि प्रकाश देणारे स्फटिककण होत. त्यांच्या शोधासाठी व संश्लेषणासाठी मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. प्रस्तुत विषयातील डॉट त्याच कुळातील असला, तरी त्याच्याकडून प्रकाशाची अपेक्षा नसते. त्याला दोन्ही बाजूंनी विद्युत् जोडण्या असतात व त्यातून प्रवाह पाठविला जातो.

असा डॉट घडविण्याची रूढ रीत गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड या दोन अर्धसंवाहकांच्या सीमेवर आधारलेली आहे. या दोहोंचे थर एकमेकांवर चढविले, की पृष्ठभागाखाली सुमारे शंभर नॅनोमीटर खोलीवर इलेक्ट्रॉनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. मानवी केसाची जाडी ७० ते ८० हजार नॅनोमीटर असते, हे ध्यानात घेतल्यास या मापांची कल्पना येईल. पृष्ठभागावर धातूच्या बारीक पट्ट्या बसवून त्यांना ऋण विद्युत्‌दाब दिला, म्हणजे खालचे इलेक्ट्रॉन दूर सारले जातात आणि मधोमध एक छोटेसे तळे शिल्लक राहते. पट्ट्यांवरील दाब कमी-अधिक करून तळ्याचा आकार, त्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या आणि बाहेरच्या जगाशी असलेल्या वाटांची रुंदी यांवर नियंत्रण ठेवता येते. अलीकडे हेच काम सिलिकॉन आणि जर्मेनियम यांच्या थरांतही केले जाते.

डॉट आणि बाहेरील जोडण्या यांच्यामध्ये ऊर्जेची भिंत असते. रोजच्या अनुभवातील नियमांनी पाहिले, तर इलेक्ट्रॉनला ती ओलांडता येणार नाही. पुंज सिद्धांतानुसार मात्र इलेक्ट्रॉन भिंतीपलीकडे आढळण्याची काही संभाव्यता नेहमीच असते. भिंत पुरेशी पातळ असल्यास तो जणू बोगद्यातून पार व्हावा तसा पलीकडे जातो. या बोगदा परिणामामुळेच डॉटमधून प्रवाह वाहू शकतो.

अडवणूक आणि तिच्या दोन अटी

समान विद्युत् भार एकमेकांना दूर लोटतात. तारेत किंवा मोठ्या धातूच्या तुकड्यात एक इलेक्ट्रॉन वाढला तर ही लोटालोट जाणवतही नाही. डॉटची धारिता मात्र इतकी अल्प असते, की एक जास्तीचा इलेक्ट्रॉन आत घेण्यासाठी लक्षात येण्याजोगी ऊर्जा मोजावी लागते. काही शे नॅनोमीटर रुंदीच्या डॉटसाठी ही ऊर्जा साधारणपणे एका मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात असते. ती उपलब्ध नसेल, तर येऊ पाहणारा इलेक्ट्रॉन उंबरठ्यावरच थांबतो आणि प्रवाह बंद पडतो. या अवस्थेला 'कुलोम अडवणूक' म्हणतात. भारांमधील बलाचा नियम मांडणारे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कुलोम यांच्यावरून हे नाव पडले आहे.

अडवणूक दिसण्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली भिंतीविषयीची आहे. भिंत फारच पातळ असेल, तर इलेक्ट्रॉन आत आहे की बाहेर हेच निश्चित राहत नाही. म्हणून प्रत्येक भिंतीचा रोध सुमारे २५.८ किलोओहमपेक्षा पुष्कळ अधिक असावा लागतो. प्लांक स्थिरांकाला इलेक्ट्रॉनच्या भाराच्या वर्गाने भागले असता हा आकडा मिळतो.

दुसरी अट तापमानाची. कोणत्याही वस्तूतील कण उष्णतेमुळे सतत चळवळत असतात. खोलीच्या तापमानाला या चळवळीची ऊर्जा सुमारे २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. एका मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचा उंबरठा तिच्यापुढे टिकाव धरू शकत नाही. इलेक्ट्रॉन तो सहज ओलांडतात आणि अडवणुकीचा मागमूसही राहत नाही. द्रव हेलियमच्या ४.२ केल्विन तापमानाला ती ऊर्जा ०.३६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत उतरते, तेव्हा अडवणुकीची पुसट चाहूल लागते. तापमान एक दशांश केल्विनवर आणले, की ऊर्जा ०.००९ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षाही खाली जाते. आता उंबरठा तिच्या शंभरपटींहून उंच ठरतो आणि एकेका इलेक्ट्रॉनचा हिशेब स्पष्ट दिसू लागतो.

जवळच्या पट्टीवरील विद्युत्‌दाब हळूहळू वाढवीत नेल्यास प्रवाहाचा आलेख कंगव्याच्या दात्यांसारखा दिसतो. दोन दात्यांमधील सपाट भागात डॉटमधील इलेक्ट्रॉनांची संख्या पक्की ठरलेली असते. प्रत्येक दात्यापाशी ती एकाने वाढते. दात्याची रुंदी थेट तापमानावर अवलंबून असल्याने डॉट हाच इलेक्ट्रॉनांचा तापमापकही ठरतो.

शोधाचा प्रवास

धातूच्या अतिसूक्ष्म कणांनी बनलेल्या पातळ थरांचा रोध थंडीत वाढतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लक्षात आले होते. यामागे एकेका इलेक्ट्रॉनच्या भाराची ऊर्जा असावी, असे स्पष्टीकरण डच भौतिकशास्त्रज्ञ सी. जे. गोर्टर यांनी १९५१ मध्ये दिले. परंतु एकच कण वेगळा काढून त्यावर प्रयोग करण्याची साधने त्या काळी नव्हती. १९८० च्या दशकाच्या मध्यास मॉस्कोतील दिमित्री अवेरिन आणि कॉन्स्टंटिन लिखारेव्ह यांनी एकेका इलेक्ट्रॉनच्या वहनाचा सिद्धांत तपशिलाने मांडला. १९८७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत थिओडोर फुल्टन आणि जेराल्ड डोलन यांनी ॲल्युमिनियमपासून एका इलेक्ट्रॉनवर चालणारा ट्रान्झिस्टर बनवून त्याला प्रत्यक्ष पुरावा दिला. अर्धसंवाहकांतील असेच आवर्ती चढ-उतार १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीत नोंदविले गेले.

धातूचे बेट आणि अर्धसंवाहकाचा डॉट यांत एक महत्त्वाचा भेद आहे. डॉटमध्ये इलेक्ट्रॉन इतक्या लहान जागेत कोंडलेले असतात, की त्यांना अणूप्रमाणे ठरावीक ऊर्जापातळ्या प्राप्त होतात. जपानमधील एनटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेतील सेइगो तारुचा आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाचे लिओ कौवेनहोव्हेन यांच्या चमूने १९९६ मध्ये चकतीच्या आकाराच्या डॉटमध्ये शून्यापासून एकेक इलेक्ट्रॉन भरत नेला. २, ६ आणि १२ या संख्यांना डॉट विशेष स्थिर असल्याचे त्यांना आढळले. रासायनिक मूलद्रव्यांत हेलियम, निऑन यांसारख्या वायूंचे जे स्थान, तेच येथे या संख्यांचे होते. निसर्गातील अणूचे गुणधर्म ठरलेले असतात; येथे मात्र विद्युत्‌दाबाची खुंटी पिळून एका 'मूलद्रव्या'वरून पुढच्यावर जाता येते. या डॉटना 'कृत्रिम अणू' म्हणण्याचा प्रघात पडला तो यामुळेच.

माठाचे तत्त्व, मिलिकेल्विनची थंडी

हेलियमचे द्रवीकरण १९०८ मध्ये लायडन येथे हाइक कामेर्लिंग ओनेस यांनी साध्य केले. त्या पलीकडची थंडी मिळविण्यासाठी आज प्रामुख्याने 'विरलन शीतक' वापरला जातो. त्याची कल्पना हाइन्झ लंडन यांची. १९६० च्या दशकात लायडनमध्येच ती प्रथम प्रत्यक्षात आली.

उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते, कारण बाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना माठातील उष्णता घेऊन जाते. विरलन शीतकाचे तत्त्व याच्याशी मिळतेजुळते आहे. हेलियम-३ आणि हेलियम-४ या समस्थानिकांचे मिश्रण ०.८७ केल्विनच्या खाली नेले, की तेल आणि पाण्याप्रमाणे त्याचे दोन थर पडू शकतात. वरच्या थरात हेलियम-३ चे प्राबल्य असते, तर खालच्या थरात त्याचे प्रमाण थोडे असते. खालच्या थरातून हेलियम-३ पंपाने सतत ओढून घेतला, की वरच्या थरातील अणू ती उणीव भरून काढण्यासाठी सीमा ओलांडून खाली येतात आणि तसे करताना उष्णता शोषतात. या मार्गाने १० मिलिकेल्विन, म्हणजे एका केल्विनच्या शंभराव्या भागापर्यंत तापमान उतरविता येते. हेलियम-३ मुख्यतः ट्रिटियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून मिळतो. त्यामुळे तो दुर्मिळ व महाग आहे.

शीतकाने १० मिलिकेल्विन दाखविले, म्हणजे डॉटमधील इलेक्ट्रॉनही तितकेच थंड झाले असे मात्र नाही. एवढ्या कमी तापमानाला इलेक्ट्रॉन आणि स्फटिकाची जाळी यांच्यातील उष्णतेची देवाणघेवाण जवळजवळ थांबते. उलट मोजमापाच्या तारा बाहेरच्या उबदार खोलीतील विद्युत् खरखर थेट इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचवितात. परिणामी शीतक कितीही थंड असला, तरी इलेक्ट्रॉन ५० ते १०० मिलिकेल्विनवर अडकून पडल्याचा अनुभव अनेक प्रयोगशाळांना येतो. यावर उपाय म्हणून तारांच्या वाटेत निरनिराळी गाळणी बसविली जातात. तांब्याच्या बारीक भुकटीने भरलेले गाळणे हे त्यांपैकी एक. २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८० च्या दशकातील आपल्या बर्कले येथील प्रयोगांत अशी गाळणी वापरली होती.

बंद वाट उघडते तेव्हा

येथवरच्या विवेचनावरून, तापमान जितके कमी तितकी अडवणूक भक्कम, असा निष्कर्ष कोणीही काढील. तो नेहमीच खरा ठरत नाही.

सोन्याच्या तारेचा रोध थंडीत कमी होत जातो आणि काही केल्विनच्या खाली पुन्हा वाढू लागतो, असे १९३४ मध्ये लायडनमधील शास्त्रज्ञांना आढळले होते. या कोड्याची उकल तीस वर्षांनी, १९६४ मध्ये जपानच्या जून कोंडो यांनी केली. धातूत लोहासारख्या चुंबकीय अणूंची अल्प भेसळ असेल, तर त्यांच्या स्पिनशी प्रवाहातील इलेक्ट्रॉनांची आंतरक्रिया होते. स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय गुण आहे. ही आंतरक्रिया थंडीत अधिकाधिक प्रबळ होत जाते आणि इलेक्ट्रॉनांना वाटेवरून विचलित करते. कोंडो यांचे २०२२ मध्ये निधन झाले, पण हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

डॉटमधील इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल, तर त्यातील एकाला जोडीदार मिळत नाही आणि डॉट जणू एकच चुंबकीय अणू बनतो. तेव्हा डॉटमध्येही कोंडो परिणाम दिसला पाहिजे, असे भाकीत १९८८ मध्ये लिओनिद ग्लाझमन व मिखाइल रायख यांनी, तसेच स्वतंत्रपणे ताइ-काइ एनजी व पॅट्रिक ली यांनी केले. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, डेव्हिड गोल्डहेबर-गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला प्रायोगिक दुजोरा दिला. त्याच वर्षी डेल्फ्टमधूनही तसाच निर्वाळा मिळाला.

धातूत कोंडो परिणामामुळे रोध वाढतो, तर डॉटमध्ये नेमके उलट घडते. तारेत इलेक्ट्रॉनपुढे अनेक वाटा मोकळ्या असतात आणि चुंबकीय अणू हा त्यांतील अडथळा असतो. डॉटच्या प्रयोगात पलीकडे जाण्याची एकमेव वाट डॉटमधूनच असते. त्याच्याशी होणारी प्रत्येक आंतरक्रिया इलेक्ट्रॉनला पलीकडे नेण्याची संधी ठरते. तापमान उतरवीत गेल्यास दोन्ही बाजूंचे असंख्य इलेक्ट्रॉन मिळून डॉटमधील एकट्या स्पिनला झाकून टाकतात आणि बंद पडलेली वाट पुन्हा खुली होते. डेल्फ्ट व टोकियो येथील संशोधकांनी २००० मध्ये दाखवून दिले, की अशा वेळी संवाहकता एका वाटेसाठी निसर्गाने घालून दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत पोहोचू शकते. इलेक्ट्रॉनांची संख्या सम असेल, तर ही वाट सामान्यतः बंदच राहते. एका इलेक्ट्रॉनच्या फरकाने पदार्थाचे वर्तन इतके बदलताना अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळते.

अँपिअरपासून संगणकापर्यंत

एकेक इलेक्ट्रॉन मोजून पुढे पाठविता आला, तर विद्युत्प्रवाहाचे एकक थेट मोजणीवर आधारता येईल, ही कल्पना जुनी आहे. २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत इलेक्ट्रॉनच्या भाराचे मूल्य कायमचे निश्चित करण्यात आले आणि अँपिअरची व्याख्या त्यावरच बेतली गेली. त्यामुळे 'इलेक्ट्रॉन पंपा'ला वेगळे महत्त्व आले आहे. या पंपात डॉटच्या दोन भिंती आळीपाळीने खाली-वर केल्या जातात. प्रत्येक आवर्तनात एक इलेक्ट्रॉन एका बाजूने आत येतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर सोडला जातो. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील गटाने २०१२ मध्ये सेकंदाला सुमारे ९४ कोटी ५० लाख आवर्तने करणाऱ्या पंपाचा प्रवाह दहा लाखांत एका भागाच्या आसपास अचूकतेने मोजल्याचे प्रसिद्ध केले.

अडचण प्रवाहाच्या अल्पतेची आहे. सेकंदाला १०० कोटी इलेक्ट्रॉन पाठविले, तरी होणारा प्रवाह अँपिअरच्या सुमारे ६२४ कोटीव्या भागाएवढाच असतो. वेग वाढवावा, तर इलेक्ट्रॉन मागे राहण्याच्या किंवा जोडीने जाण्याच्या चुका वाढतात. वेग आणि अचूकता यांची सांगड घालणे हेच या क्षेत्रातील मुख्य काम आहे.

दुसरा उपयोग पुंज संगणकाचा. डॉटमधील एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन माहितीचे एकक, अर्थात 'क्युबिट' म्हणून वापरावा, असा प्रस्ताव डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्चेन्झो यांनी १९९८ मध्ये मांडला. २००४ मध्ये डेल्फ्ट येथे एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे एकाच प्रयत्नात वाचन करण्यात आले. त्यासाठी डॉटशेजारच्या अरुंद वाटेतील प्रवाहाचा उपयोग केला गेला. डॉटमधून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडला, तरी या शेजारच्या प्रवाहात फरक पडतो. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स आणि जपानमधील तीन गटांनी सिलिकॉनमधील दोन क्युबिटांच्या क्रिया ९९ टक्क्यांहून अधिक अचूकतेने केल्याचे जाहीर केले. इंटेलने २०२३ मध्ये १२ क्युबिटांची 'टनेल फॉल्स' ही चिप संशोधकांसाठी सादर केली.

उपयोगी पुंज संगणकासाठी मात्र लाखो क्युबिट लागतील, असा सर्वसाधारण अंदाज आहे. प्रत्येक क्युबिटला नियंत्रणाच्या तारा हव्यात आणि प्रत्येक तारेबरोबर उष्णता आत येणार. मिलिकेल्विनच्या पातळीवर शीतकाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मायक्रोवॅटमध्ये मोजावी लागते. एका केल्विनच्या वर ती कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच २०२० मध्ये सिडनीतील गटाने १.५ केल्विनला आणि डेल्फ्टमधील गटाने १.१ केल्विनला सिलिकॉनमधील स्पिन क्युबिट चालवून दाखविले, तेव्हा त्याची विशेष दखल घेतली गेली. १.५ केल्विन म्हणजे उणे २७१.६५ अंश सेल्सिअस. हे तापमानही सामान्य माणसाला कल्पनेपलीकडचे वाटेल, पण तेथे नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक परिपथ क्युबिटांच्या शेजारीच ठेवण्याची शक्यता निर्माण होते.

भारतातील प्रयत्न

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मान्यता दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी आखलेल्या या मोहिमेत चार केंद्रे निश्चित करण्यात आली. त्यांपैकी संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र पवई येथील आयआयटी मुंबईत, तर पुंज पदार्थ व उपकरणांचे केंद्र आयआयटी दिल्लीत आहे. अर्धसंवाहकांच्या नव्या रचना हा दिल्लीच्या केंद्राच्या कार्यकक्षेतील विषय आहे. अतिशीत तापमानाचे तंत्र मुंबईला नवे नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये बिस्मथ हा धातू ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिसंवाहक होत असल्याचे दाखविले होते. विरलन शीतकाच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षाही हे तापमान बरेच कमी आहे.

डॉटमधील इलेक्ट्रॉनच्या वहनाचे मूळ नियम आता बऱ्याच अंशी ज्ञात आहेत. त्यांचा व्यवहारात उपयोग होण्यासाठी दोन गोष्टी साधाव्या लागतील. मापनशास्त्रज्ञांना अधिक इलेक्ट्रॉन न चुकता मोजायचे आहेत, तर संगणकाच्या अभियंत्यांना तोच नेमकेपणा थोड्या अधिक तापमानाला टिकवायचा आहे. या दोन्ही कामांचा निकाल उष्णतेचे किती कण तारांवाटे आत शिरू दिले जातात, यावर लागणार आहे.